रक्तातील प्रथिने आणि स्तनाचा कर्करोग : एका प्रश्नाची सद्यःस्थिती

प्रश्नाचे स्वरूप

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या वस्तीवर राहणाऱ्या स्त्रीला आपल्या स्तनात गाठ आहे अशी शंका आली, तर तिने प्रथम कोणापाशी बोलावे येथपासूनच तिच्या अडचणींना आरंभ होतो. आणि ती बोलती झाली तरी उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचे रुग्णालय, मग बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे १९७४ साली स्थापन झालेले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, आणि तेथून पुढे बार्शी, छत्रपती संभाजीनगर अथवा मुंबई, अशा पायऱ्या चढत असता प्रत्येक पायरीवर तिची मजुरी बुडते आणि परक्या माणसासमोर अंग उघडे करण्याचा संकोच नव्याने सोसावा लागतो. अशा स्त्रीच्या दंडातून रक्ताची एक कुपी काढावी आणि तीतील एखाद्या प्रथिनाच्या पातळीवरून रोगाचा कौल मिळावा, ही कल्पना किती दिलासा देणारी आहे हे सांगावयास नको. मॅमोग्राफीचे यंत्र तालुक्याला नेणे दुष्कर आहे. रक्ताची कुपी मात्र एसटीनेही जिल्ह्याला पोहोचू शकते.

२०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने जडला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी कर्करोगाच्या शंकेने स्तनांची तपासणी कधी तरी झालेल्यांचे प्रमाण देशभरात १ टक्काही भरले नाही. या दोन नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्या म्हणजे सोप्या चाचणीची निकड ध्यानी येते. परंतु निकड ही पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, आणि प्रस्तुत प्रश्नात निकड व पुरावा यांतले अंतर आजही मोठे आहे.

वस्तुतः हा एक प्रश्न नसून तीन प्रश्नांची गुंतवळ आहे. वरवर निरोगी असलेल्या स्त्रियांत दडलेला रोग रक्तातील प्रथिनावरून हुडकता येईल काय, हा पहिला. ज्या स्त्रीचा उपचार झाला आहे तिच्यात रोग उलटल्याची वर्दी त्यावरून वेळीच मिळेल काय, आणि मिळाल्यास तिचा लाभ काय, हा दुसरा. आणि पुढे काही वर्षांनी कोणाला हा रोग होण्याचा संभव अधिक आहे हे आज सांगता येईल काय, हा तिसरा. सामान्य चर्चेत, आणि आरोग्य तपासणीच्या पॅकेजांत ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून जे विकले जाते त्यात, या तिन्हींची सरमिसळ होते. म्हणून येथे त्यांचा विचार क्रमाने केला आहे.

पूर्वपीठिका

कर्करोगाची खूण शरीरातील द्रवांत सापडते हा विचार जुना आहे. १८४७ च्या सुमारास लंडनचे वैद्य हेन्री बेन्स जोन्स यांनी एका रुग्णाच्या मूत्रातील विलक्षण प्रथिनाचा अभ्यास केला. ते प्रथिन अस्थिमज्जेच्या एका कर्करोगाचे लक्षण ठरले आणि अद्याप त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यानंतर शतकाहून अधिक काळ या वाटेवर मोठी प्रगती झाली नाही. १९६५ मध्ये मॉन्ट्रियल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगात एक प्रथिन आढळले. ते सीईए या संक्षिप्त नावाने प्रसिद्धी पावले आणि पुढे स्तनाच्या कर्करोगातही मोजले जाऊ लागले. हे प्रथिन एकाच रोगाची खूण ठरेल अशी आरंभी मोठी आशा होती. मात्र धूम्रपान करणाऱ्यांत आणि अन्य कित्येक विकारांतही ते वाढते असे लौकरच दिसून आले. उमेद आणि नंतरचा संकोच, हा क्रम या क्षेत्रात पुढे वारंवार दिसणार होता.

१९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी केंब्रिज येथे एकाच ठराविक लक्ष्याला चिकटणारी प्रतिपिंडे हवी तितकी निर्माण करण्याची रीत शोधली, आणि रक्तातील अत्यल्प प्रथिनेही मोजण्याचे साधन प्रयोगशाळांच्या हाती आले. त्या रीतीच्या आधारे १९८० च्या दशकात दोन प्रतिपिंडांच्या जोडीने जी चाचणी सिद्ध झाली तीच सीए १५-३ होय. स्तनाच्या कर्करोगासाठी रक्तातील प्रथिन म्हटले म्हणजे आजही प्रामुख्याने हीच चाचणी अभिप्रेत असते, सीए २७.२९ ही तिची भावंड चाचणी त्याच प्रथिनाचा दुसऱ्या बाजूने माग घेते.

त्या प्रथिनाची योग्यता

हे प्रथिन म्हणजे म्यूक-१ हा श्लेष्मल वर्गातील मोठा रेणू. निरोगी स्तनात दुग्धनलिकांच्या आतल्या कडेला असलेल्या पेशींच्या नलिकेकडील पृष्ठावरच तो वावरतो, त्यामुळे रक्तात त्याचा अंश थोडाच उतरतो. पेशी कर्कग्रस्त झाली म्हणजे तिची ही दिशेची शिस्त मोडते, म्यूक-१ पेशीच्या सर्व बाजूंना पसरतो, त्याचे तुकडे सुटून रक्तप्रवाहात मिसळतात आणि पातळी वाढते. तर्क निर्दोष आहे, आणि रोग सर्वांगात पसरलेला असता प्रत्यक्षातही तो बव्हंशी खरा ठरतो.

अडचण उद्भवते ती रोग लहान असताना, म्हणजे चाचणीची खरी गरज असते तेव्हाच. रोगाच्या पहिल्या अवस्थेत सुमारे दहांत एका स्त्रीची, दुसऱ्या अवस्थेत पाचांत एकीची, तिसऱ्या अवस्थेत तिघींत एकीहून थोड्या अधिक स्त्रियांची, आणि रोग हाडे, यकृत वा फुप्फुसे यांत पोचल्यावर चौघींपैकी तिघींची पातळी नेहमीच्या मर्यादेबाहेर गेलेली आढळते, असे प्रकाशित अभ्यासांचे सामान्य तात्पर्य आहे. अर्थात ज्या स्त्रीची गाठ अद्याप पूर्णतः काढून टाकता येण्याजोगी आहे, तिला ही चाचणी बहुधा ‘सर्व ठीक’ असेच सांगेल. एक-दीड सेंटिमीटरची गाठ रक्तात जेवढे प्रथिन सोडते ते शरीरातील इतर निरोगी पेशींनी सोडलेल्या त्याच प्रथिनात माजलगावच्या धरणात मिसळलेल्या एखाद्या ओहोळासारखे दिसेनासे होते. मोजमाप अधिक सूक्ष्म केल्यानेही ही अडचण संपत नाही, कारण उणीव केवळ मोजण्याच्या साधनात नसून खुणेच्या अनन्यतेत आहे.

उलट बाजूनेही दोष आहे. कर्करोग नसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ५ टक्के स्त्रियांची पातळी मर्यादेहून वर असते. यकृताची सूज व काठिण्य, स्तनातील निरुपद्रवी गाठी आणि बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा पांडुरोग यांत ती चढते. यांतील शेवटचे कारण आपल्याकडे विशेष विचारार्ह आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी महाराष्ट्रात या जीवनसत्त्वाची उणीव किती व्यापक आहे हे दीर्घ संशोधनाने दाखवून दिले आहे; आणि जेथे दूध-दुभते ताटात क्वचितच येते, मांसाहार सणासुदीचा असतो आणि पांडुरोग नित्याचा असतो, तेथे परदेशी लोकसंख्येवरून ठरविलेली मर्यादा जशीच्या तशी लावणे कितपत ग्राह्य, हा प्रश्न अजून कोणी पुरेसा हाताळलेला नाही.

अल्प प्रमाणाचे गणित

येथे बीडची एक नोंद निर्णायक महत्त्वाची ठरते. १९८७ मध्ये बार्शी येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली; बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावोगावी फिरून ती केली जात असे. रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट न पाहता नोंदणी कर्मचाऱ्यांनी स्वतः गावात जावे, लोकांना रोगाची लक्षणे समजावून द्यावीत आणि संशयिताला तपासणीस आणावे, ही तिची पद्धत पुढे अनुकरणीय ठरली. कालांतराने उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि बीड या जिल्ह्यांची संयुक्त नोंद राष्ट्रीय अहवालात येऊ लागली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात, अंतर्भूत असलेल्या सर्व नोंदणी क्षेत्रांमध्ये कर्करोगाचे प्रमाण सर्वांत कमी कोठे असेल, तर ते उस्मानाबाद-बीड येथे : वयोमानानुसार समायोजित केल्यावर दर लाख स्त्रियांमागे वर्षाला ४९.४, आणि तेही सर्व अवयवांचे कर्करोग मिळून. यात रोगाचे खरे अल्पत्व किती आणि निदानाविना राहिलेल्या स्त्रिया किती, याविषयी मतभेद संभवतो; पण बीडमध्ये स्तनाचा कर्करोग मुंबईच्या मानाने विरळ आहे, इतके निश्चित धरून चालता येते.

जेथे रोग विरळ, तेथे चाचणीचा थोडासा सैलपणाही महाग पडतो. केवळ हिशेबासाठी असे धरू की एका लाख स्त्रियांत ५० जणींच्या स्तनात अज्ञात रोग आहे, चाचणी त्यांतील ३० टक्के ओळखते आणि निरोगी स्त्रियांपैकी ९५ टक्क्यांना निर्दोष ठरविते. मग १५ जणींचा रोग सापडेल, ३५ जणींना खोटा दिलासा मिळेल, आणि सुमारे ५ हजार निरोगी स्त्रियांना कर्करोगाच्या संशयाचा कागद हाती घेऊन मॅमोग्राफी, सोनोग्राफी व प्रसंगी सुईने तुकडा काढण्याची तपासणी यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागेल. चाचणी सुधारून ही ५ टक्क्यांची चूक १ टक्क्यावर आणली, तरी हकनाक संशयित ठरलेल्यांची संख्या हजाराच्या घरात राहतेच.

हा संशय बीडमध्ये निव्वळ कागदोपत्री राहत नाही, याचा दाखला अलीकडचाच आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्या जाण्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात उपस्थित झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि जिल्ह्यात केलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्या शस्त्रक्रियांची कारणे अनेक होती, आणि हंगामातली खाडा न करता येण्याची सक्ती त्यांत मोठी होती. पण पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल असे आपल्याला सांगण्यात आले, ही हकीकत कित्येक स्त्रियांनी दिली. पुढे अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी असा दंडक घालावा लागला. ज्या जिल्ह्यात कर्करोगाच्या नुसत्या भीतीने निरोगी अवयव गेले आहेत, तेथे हजारो स्त्रियांच्या हाती संशयास्पद आकडा देण्यापूर्वी त्या आकड्याच्या पुढची वाट बांधलेली असणे अगत्याचे आहे, असे मला वाटते.

उपचारानंतरची देखरेख : दोन पक्ष

दुसऱ्या प्रश्नावर तज्ज्ञांत खरा मतभेद आहे. रोग पसरलेला असून औषधोपचार चालू आहे अशा स्त्रीत सीए १५-३ आणि सीईए यांची चढउतार लक्षणे व प्रतिमांकन यांच्या जोडीने पाहावी, इतके बहुतेकांना मान्य आहे. त्यातही नवा उपचार सुरू केल्यावर पहिल्या चार-सहा आठवड्यांत औषधाने पेशी फुटल्यामुळे पातळी तात्पुरती उसळू शकते, तिला उपचाराचे अपयश समजू नये, अशी सूचना सर्वत्र दिली जाते. मतभेद आहे तो शस्त्रक्रिया होऊन रोगमुक्त दिसणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत.

एक पक्ष म्हणतो की वरचेवर केलेल्या चाचण्यांत ही पातळी रोग डोळ्यांना दिसण्याच्या कित्येक महिने आधी चढू लागते, मग ही सूचना वाया का दवडावी? काही युरोपीय तज्ज्ञगट या मताला अनुकूल राहिले आहेत. दुसरा पक्ष, ज्याचे प्रातिनिधिक म्हणून अमेरिकेच्या क्लिनिकल ऑन्कॉलॉजी संस्थेच्या २००७ सालच्या शिफारशींकडे बोट दाखविता येईल, असे म्हणतो की लवकर कळणे आणि अधिक जगणे या भिन्न गोष्टी आहेत; पसरलेला रोग सहा महिने आधी समजला आणि मृत्यूची तिथी तीच राहिली, तर स्त्रीच्या आयुष्यात काळजीचे सहा महिने तेवढे वाढले. इटलीत झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन यादृच्छिक प्रयोगांत मिळून अडीच हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. त्यांत वारंवार तपासण्या केलेल्या स्त्रिया साध्या देखरेखीखालील स्त्रियांहून अधिक जगल्या नाहीत. बीजांडकोशाच्या कर्करोगात सीए-१२५ हे रक्तातील प्रथिन वाढताच उपचार आरंभिण्याची कसोटी एका मोठ्या युरोपीय प्रयोगात लागली आणि २०१० मध्ये तिचाही निष्कर्ष तसाच आला.

पहिल्या पक्षाचे यावरचे उत्तर दुर्लक्षणीय नाही. १९९४ ची औषधे आजची नव्हेत. हर-२ या प्रथिनावर नेमका आघात करणारे ट्रॅस्टुझुमॅब १९९८ मध्ये प्रचारात आले, त्यानंतर कितीतरी नवी औषधे आली, आणि थोडक्या ठिकाणी उलटलेल्या रोगावर आता अधिक काही करता येते. जुन्या प्रयोगांचा निर्णय नव्या काळाला जसाच्या तसा लागू होईल काय, ही शंका रास्त आहे. तिचे निरसन नव्या प्रयोगानेच होईल. आष्टी किंवा गेवराई येथे राहणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने यात आणखी एका मुद्द्याची भर पडते : दर वेळी बार्शीला वा मुंबईला जाण्यापेक्षा बीडलाच रक्त द्यावे आणि निकाल दूरध्वनीवरून डॉक्टरांना कळावा, ही सोय तिच्यासाठी लहान नाही. परंतु सोयीची चाचणी भेटीऐवजी केली गेली, हाताने होणारी तपासणी व विचारपूस सुटली, तर तोटाच संभवतो.

नवे प्रथिनशास्त्र

एका प्रथिनाने न साधलेले कार्य अनेकांच्या समुच्चयाने साधेल, या अपेक्षेवर गेल्या दोन दशकांतील संशोधनाची भिस्त आहे. २००२ मध्ये रक्तातील असंख्य प्रथिनांच्या आकृतिबंधावरून बीजांडकोशाचा कर्करोग जवळजवळ अचूक ओळखता येतो असा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा मोठी खळबळ उडाली. परंतु इतर संख्याशास्त्रज्ञांनी तीच माहिती तपासली तेव्हा दिसलेल्या भेदाचा बराचसा उगम रोगात नसून नमुने हाताळण्याच्या व यंत्र जुळविण्याच्या तऱ्हेत आहे असे दिसून आले. त्या धड्यानंतर नमुने रोग कळण्यापूर्वीच, सारख्या रीतीने, जमा केलेले असावेत आणि तपासणाऱ्याला कोणता कोणाचा हे ठाऊक नसावे, असा कडक दंडक या क्षेत्राने स्वीकारला.

२०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी आठ प्रथिने आणि रक्तात तरंगणाऱ्या डीएनएतील सोळा जनुकांचे बदल यांची सांगड घालून आठ प्रकारच्या कर्करोगांचा शोध घेणारी चाचणी मांडली. निरोगी लोकांना निर्दोष ठरविण्यात ती ९९ टक्क्यांहून अधिक यशस्वी झाली, ही मोठीच प्रगती. पण त्या आठांत स्तनाच्या कर्करोगातच तिचे यश सर्वांत कमी, सुमारे ३३ टक्के होते, आणि तेही ज्यांचे निदान आधीच झाले आहे अशा रुग्णांमध्ये.

तिसऱ्या, म्हणजे भविष्यातील संभवाच्या प्रश्नावर २०२४ मध्ये ऑक्सफर्डहून एक महत्त्वाचा अभ्यास आला. ब्रिटनच्या जैवसंग्रहातील ४४ हजारांहून अधिक लोकांच्या रक्तातील १,४६३ प्रथिनांची पातळी आणि पुढे झालेले १९ प्रकारचे कर्करोग यांचा संबंध तपासता प्रथिन आणि कर्करोग यांच्यातील ६१८ संबंध आढळले, आणि त्यांतील १०७ संबंध निदानाच्या सात वर्षांहून आधी घेतलेल्या रक्तातही दिसले. स्तनाच्या कर्करोगापुरते पाहता, इन्सुलिनसदृश वृद्धिघटक-१ या प्रथिनाची पातळी चढी असलेल्या स्त्रियांत रोगाचा संभव किंचित अधिक असतो हे २०१० मध्ये सतरा दीर्घ पाहण्यांच्या एकत्रीकरणातून दिसलेच होते. ही माहिती रोगाची कारणे समजण्यास मोलाची आहे. परंतु किंचित वाढलेला संभव म्हणजे चाचणी नव्हे, आणि ब्रिटनमधील बहुतांशी गोऱ्या, सुस्थित स्वयंसेवकांची प्रथिने पाटोद्याच्या कष्टकरी स्त्रीच्या प्रथिनांविषयी किती सांगतील हे अद्याप पडताळावयाचे आहे.

शेजारी सिद्ध झालेली कसोटी

चाचणीची अखेरची परीक्षा मृत्यू कमी होतात की नाही हीच, हे तत्त्व पुस्तकी वाटू नये. कारण त्याचा सर्वांत ठळक प्रत्यय बीडच्या शेजारच्याच जिल्ह्यात आला आहे. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा प्रयोग केला. २००९ मध्ये त्याचा निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीने त्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दिसले. खेड्यातील स्त्रिया येणार नाहीत, प्रयोगशाळा टिकणार नाही, पाठपुरावा जमणार नाही, हे सर्व आक्षेप तेथे कृतीने निकाली निघाले.

स्तनाच्या बाबतीत तसाच उद्योग मुंबईत झाला. टाटा रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९८ पासून वस्त्यांतील १,५१,५३८ स्त्रियांवर हा प्रयोग चालला; एका गटात प्रशिक्षित आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करीत. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार तपासणीच्या गटात रोग आधीच्या अवस्थेत सापडला. एकूण मृत्यूंतील १५ टक्के घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर निःसंशय ठरली नाही, पण पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत ती सुमारे ३० टक्के व विश्वसनीय होती. तरुण स्त्रियांत लाभ का दिसला नाही हा प्रश्न, आपल्याकडे हा रोग पाश्चात्यांपेक्षा लहान वयात होत असल्यामुळे, फार गंभीर आहे. आणि रक्तचाचणीला खरा वाव असलाच तर तो बहुधा येथेच.

त्याच वर्षी ब्रिटनमधून आलेला निकाल मात्र सावध करणारा होता. २,०२,६३८ स्त्रियांवरील प्रयोगात सीए-१२५ या रक्तातील प्रथिनाच्या चढत्या आलेखावरून बीजांडकोशाचे कर्करोग आधीच्या अवस्थेत सापडले, तरी मृत्यू कमी झाले नाहीत. रक्तातील प्रथिनाची संपूर्ण परीक्षा झाली, असे स्त्रियांच्या कर्करोगांतील हे सर्वांत मोठे उदाहरण आहे.

अनिर्णित बाबी

तेव्हा आजची स्थिती अशी की निरोगी स्त्रीत रोग शोधण्यासाठी उपलब्ध प्रथिनचाचण्यांचा पुरस्कार कोणतीही जबाबदार संस्था करीत नाही, आणि शासनाच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी हाताने स्तनतपासणीचीच तरतूद आहे. पुढे काय व्हावे, याबद्दल संशोधकांत दोन कल आहेत. अधिक चांगले प्रथिन सापडेपर्यंत शोध प्रयोगशाळेतच चालू ठेवावा, असे काहींना वाटते. तर काहींचे म्हणणे असे की भारतीय स्त्रियांच्या रक्ताचा दीर्घकाळ जपलेला, नोंदणीशी जोडलेला संग्रह आत्ताच उभा केला नाही, तर उद्या चांगले प्रथिन सापडूनही ते आपल्या लोकसंख्येत पारखता येणार नाही. मला दुसरे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण नोंदणीची चाळीस वर्षांच्या घरातली परंपरा बार्शीपासून बीडपर्यंत याच पट्ट्यात आहे.

परंतु असा संग्रह बीडमध्ये करावयाचा तर काही गोष्टी आधी ठराव्या लागतील. पांडुरोग, बी-१२ आणि यकृताची स्थिती यांची मोजदाद प्रत्येक नमुन्यासोबत झाली पाहिजे, नाही तर प्रथिनाच्या आकड्याला अर्थ राहणार नाही. पातळी चढी निघालेल्या स्त्रीची पुढची तपासणी कोणत्या रुग्णालयात, कोणाच्या खर्चाने आणि किती दिवसांत होईल, आणि ती निर्दोष ठरल्यास तसा स्पष्ट दाखला तिला मिळेल काय, हे लेखी ठरले पाहिजे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कोयत्यांच्या टोळ्या मुकादमाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. आश्विनात रक्त दिलेल्या स्त्रीचा निकाल येईल तेव्हा ती एखाद्या साखर कारखान्याच्या फडात असेल. तो निकाल तिला तेथे कोणी कळवावा, तपासणीसाठी ती चार दिवस फडाबाहेर राहिली तर तिच्या खाड्याची भरपाई कोणी द्यावी आणि घेतलेल्या उचलीतून ती वळती होणार नाही याची हमी कोणाची, या बाबी नमुना घेण्याच्या आराखड्यातच याव्या लागतील.